चार बोटांची दुमड

५ जानेवारी

चि. छबूस अनेक उत्तम आशीर्वाद.

महिना झाला, तुझं पत्र नाही. मुलींचा अभ्यास, तुझी लाँड्री, सगळं कबूल. पण दोन ओळी खरडायला काय होतं? आई रोज विचारते आणि मी रोज थापा मारतो. आता थापाही संपत आल्या.

सोबत कापड पाठवतोय. आईला गाऊन हवाय. दुकानातून आणलेले दोन्ही काखेत काचतात, गळ्याशी टोचतात. छबूच्या हातचाच हवा म्हणून हटून बसली आहे. डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही, पण दुसऱ्याला नावं ठेवणं कमी झालेलं नाही. तुझ्या वहिनीने शिवलेल्या कपड्यांना ती पोती म्हणते.

आता थोडं रागावतो. मेहुणे गेले तेव्हा आपलं ठरलं होतं. आईचं शिलाई मशीन तू न्यायचंस, ते चालतंय तोवर दोन्ही मुली तुझ्याजवळ. नाहीच झेपलं तर धाकट्या ठकीला इकडे पाठवायचं. मशीन आहे तोवर मी कुणावर भार नाही, असं म्हणून तू माझं तोंड बंद केलंस. ठीक आहे. पण मागच्या पत्रात तू ठकीची एकही तक्रार लिहिली नव्हतीस, आणि मला ते काही बरं वाटलं नाही. तुझ्या वहिनीने मधल्या खोलीतला छोटा पलंग रंगवलाय. आमचं घर किती रिकामं आहे ते तुला माहीत आहे. जबरदस्ती नाही, फक्त जिवाची ओढाताण करून घेऊ नकोस.

तुझा दादा

३० जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गाऊन पाठवतेय. मशीनचा पट्टा तुटला होता म्हणून उशीर झाला. आता छान चालतंय, इतकं की शेजारच्या मास्तरीणबाई भिंतीवर ठोकतात.

इकडचं नेहमीचंच. मी तीन डबे केलेत. भाड्याचा, विजेचा आणि शाळेचा. पगार झाला की आधी भाड्याचा डबा भरायचा, कारण घरमालक पहिल्या तारखेलाच जिन्यात उभे असतात. उरेल ते बाकीच्या दोघांत. महिनाअखेर ह्याची टोपी त्याला नि त्याची टोपी ह्याला. मोठी म्हणते, आई अर्थमंत्री झाली असती तर देशाचा कारभार तीन डब्यांत उरकला असता. नववीतली पोरगी, पण जीभ बघ. तुझ्यावर गेली आहे.

ठकीची तक्रार हवी होती ना? घे. समोरचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून शिट्टी वाजवते. जेवताना, अभ्यास करताना, झोपेतसुद्धा. परवा माझ्याबरोबर लाँड्रीत आली आणि चादरींच्या ढिगात झोपून गेली. मुकादमबाई किंचाळल्या की एक चादर श्वास घेतेय.

वहिनींना नमस्कार सांग. पण पलंग रिकामाच राहू दे. एवढं एकच मागते.

गाऊन आईला बसतो का ते कळव. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी छबू

१२ फेब्रुवारी

चि. छबूस आईचे आशीर्वाद. अक्षर वहिनीचं, शब्द माझे.

गाऊन बसला. कुठे काचत नाही. दादा औषधांच्या दुकानात कामाला गेल्यावर हे लिहून घेतेय, कारण ते त्याच्या कानांसाठी नाही. काल दुपारी पडल्या पडल्या शिवणीवरून बोट फिरवलं. टाके बारीक आहेत, एकसारखे आहेत, शाबास. पण मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सारखी लागते, आणि हातची टीप उलट्या बाजूला दुहेरी होऊन बसते. ती मीच तुला शिकवली, बाहुलीच्या उशीवर. अख्खा गाऊन हाताने शिवलास, छबू. मशीन कधी विकलंस?

मी रागावले नाही. लोखंड ते, पोरींपेक्षा मोठं नाही. पण माझ्याशी खोटं बोलू नकोस. दिसत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. दादाला मी सांगणार नाही.

आईंचं संपलं, आता माझं. खोटं कशाला बोलू, तो पलंग मी स्वतः रंगवलाय आणि त्या खोलीत रोज माझी एक चक्कर होते. मशीन गेलंय एवढंच मी ह्यांच्या कानावर घातलं, तर हे उद्याच तुझ्या दारात उभे राहतील. तरी मी बोलणार नाही. कुणाचं लेकरू अशा रीतीने माझ्या घरी यायला नको.

तुझी वहिनी

२२ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

आईला सांगा, मशीन नोव्हेंबरात विकलं. लाँड्रीत घड्या घालायचं यंत्र आलं आणि आम्हा निम्म्या बायकांना अर्धा दिवस काम, अर्धा पगार. भाडं थकलं होतं. घरात विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तरी मी ठकीला पाठवणार नव्हते. तुमचं पत्र वाचल्यावर तर नाहीच नाही. पण गेल्या आठवड्यात ती शाळेत रांगेत उभी असताना चक्कर येऊन पडली. घरी आणून ताट वाढलं, तर म्हणाली की भूक नाही, शाळेत खाल्लंय, ताईला दे. वहिनी, हे वाक्य माझं आहे. लाँड्रीत खाल्लंय असं मी रोज दोघींना सांगते. सहा वर्षांची पोर ते माझ्याकडून शिकली आणि मला पत्ताही नव्हता. मला माझीच लाज वाटली.

दादाला सगळं कळवलंय. रविवारी तो तिला न्यायला येतोय. मोठी माझ्याजवळ राहील. दोनच महिने, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मी तिला परत आणेन. ठकीला तसंच सांगितलंय, तुम्हालाही सांगते.

झोपताना तिला कुणाचं तरी कोपर धरायला लागतं. दूध दिलंत की ती आधी बाकीच्यांचं झालं का विचारेल; झालं म्हणा, मगच पिईल. स्वतः दिवसभर शिट्ट्या मारते, पण कुकरची वाजली की पळते. चार फ्रॉक दिलेत, माझ्या हातचे. नवीन घेऊ नका.

आता लोभ तिच्यावर करा. माझा वाटासुद्धा तिलाच द्या.

तुमची छबू

१८ ऑगस्ट

प्रिय छबूस सप्रेम नमस्कार.

ठकी खुशाल आहे. दात आले, त्यामुळे शिट्टी गेली, म्हणून दोन दिवस रुसली होती. इथल्या शाळेत रुळली. दूध पिताना आता बाकीच्यांचं विचारत नाही. त्याचं बरंही वाटतं आणि वाईटही. हे दुकानातून लवकर घरी येतात आणि तिचा अभ्यास घेतात, म्हणजे तिच्याकडून बोलणी खातात. कपडे मात्र ती कपाटात ठेवू देत नाही. तुझ्यासारख्या घड्या घालून पिशवीतच ठेवते.

एक गोष्ट आईंनी लिहू नकोस म्हटलं होतं. ठकी आली त्याच दिवशी त्यांनी तिला मांडीवर घेऊन फ्रॉक चाचपला. खालच्या काठाशी त्यांचं बोट थांबलं. वाढत्या अंगाचं म्हणून आत दुमड घातलेली, एकेका बोटाची, एकावर एक, मिळून चार बोटांची. छबू किती दिवसांचं बोलली, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दोन महिने. त्यांनी काठ पुन्हा बोटांनी मोजला. मग म्हणाल्या की ही दुमड दोन महिन्यांची नाही, तीन वर्षांची आहे. बाकीचे तिन्ही फ्रॉक आणायला लावले. सगळ्यांना तेवढीच होती.

जून गेला, जुलै गेला. मी तुला विचारलं नाही, कारण मला आधीपासून माहीत होतं.

मला ती हवी होती, छबू. किती वर्षं हवी होती. आता माझं कोपर धरून झोपते आणि मला तुझी आठवण येऊन रडू येतं. ती मला मामी म्हणते. दुसरं काही मी म्हणू देणार नाही.

काल पहिली दुमड सोडावी लागली, फ्रॉक आखूड व्हायला लागला होता. टाके कात्रीने कापवेनात, म्हणून सुईने एकेक उसवले. ठकीने तो दोरा मागून घेतला आणि पिशवीत ठेवला, आई न्यायला आली की तिला परत द्यायचा म्हणून. आत अजून तीन बोटं आहेत. ती संपायच्या आत ये.

तुझी वहिनी