ब्रिन्दूच्या भिंतीमागची सात माणसे

मी, कुमारी तेग्वेन प्रॉबर्ट, वय एकाहत्तर, राहणार प्लास ब्रिन्दू, उत्तर वेल्स, गुडघे सोडता धडधाकट आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने हे मृत्युपत्र करीत आहे. आधीचे मृत्युपत्र मी चुलीत घातले आहे. ते शोधण्यात कोणी वेळ दवडू नये.

१. वडिलांच्या पाटीच्या दगडाच्या खाणींवर आम्ही दोघी बहिणी, थोरली अंगहारद व मी, श्रीमंत झालो. त्या पैशातून पॅरिसहून चित्रे आणली, गावात गायनगृह बांधले, वेल्श पुस्तकांचा छापखाना काढला. गायनगृह व छापखाना गावाच्या मंडळाला द्यावेत. तिथे वेल्श बोलणाऱ्याला कोणी आवाज खाली कर म्हणू नये.

२. पॅरिसहून आणलेली सर्व चित्रे कार्डिफच्या संग्रहालयाला द्यावीत, फक्त ‘निळ्या शालीतली बाई’ लंडनला विकावी. ते आमचे सर्वांत लाडके चित्र. ते का विकायचे, ते लिहिणे भाग आहे.

ब्रिन्दूच्या जुन्या खाणीत छत कोसळून सात माणसे आत राहिली. दगड हलवला तर डोंगर खाली येईल, असे म्हणून वडिलांनी तिथे भिंत घातली आणि पलीकडे नवी खाण उघडली. पुढे युद्धात घर जखमी सैनिकांना दिले, तेव्हा चित्रे बॉम्बपासून वाचवायला त्या जुन्या खाणीच्या कोरड्या बोगद्यात, भिंतीच्या अलीकडे ठेवली. अंगहारद रोज दुपारी कंदील घेऊन ती बघायला जाई.

अंगहारद लहानपणीच्या तापाने ठार बहिरी होती. ओठांवरून बोलणे ओळखत असे. एका दुपारी बाहेर येऊन तिने विचारले, “तेग, आत कोण गातंय?”

“कोणी नाही गं. आणि तुला कसं कळलं?”

“कानाला नाही. इथं लागतं.” तिने छातीवर हात ठेवला. “सगळे पुरुष आहेत. एक जण मागे पडतो, बाकीचे त्याच्यासाठी थांबतात.”

मी आत जाऊन भिंतीला कान लावला. पलीकडे पाणी ठिबकत होते. बाकी काही नाही.

त्यानंतर ती घरात गुणगुणू लागली. जन्मात कधी गायली नव्हती, पण सूर तसूभर हलत नव्हता. एकदा कात्रिन रोलंड्स चहाला आली होती. तिचा नवरा ग्रिफिथ त्या सातांपैकी एक. तिने कप खाली ठेवला.

“हे कुठं ऐकलंत, मिस अंगहारद? ही चाल आमच्या ग्रिफिथची. दाढी करता करता बांधायचा. मेल्यानं शेवटची ओळ पुरी केलीच नाही.”

अंगहारद तिच्या ओठांकडे बघत होती. तिने शेवटची ओळ गुणगुणली.

कात्रिनने ती ओळ हळूच स्वतःशी म्हणून पाहिली. मग म्हणाली, “हो. असंच संपायला हवं होतं.”

३. अंगहारद गेल्या हिवाळ्यात गेली. जाताना म्हणाली, “त्यांना बाहेर काढ.” त्या डोंगरात निम्मा हिस्सा चुलतभाऊ इड्वलचा. त्याला विचारले तर म्हणाला, “मेलेली माणसं उकरून काय मिळणार तुला? चित्रं कमी पडली काय?” त्याला हे घर फार दिवसांपासून हवे आहे. तेव्हा: त्याने खाण उघडायला लेखी संमती दिली तर घर त्याचे, न दिल्यास शाळेचे. वडिलांचे घोड्यांचे चित्र त्याला बिनशर्त.

४. ‘निळ्या शालीतली बाई’ विकून येणाऱ्या पैशातून भिंत पाडून त्या सातांना बाहेर काढावे व चॅपलच्या आवारात पुरावे. उरलेली रक्कम कात्रिनला.

५. डॉक्टर प्रिचर्ड मला म्हणाले, “गाण्याचं काढून टाका, मिस प्रॉबर्ट. इड्वल तुम्हाला कोर्टात वेडी ठरवेल.” मी म्हटले, “ठरवू दे. पण ते काढलं तर खोदणाऱ्यांना सावध कोण करणार?” म्हणून राहू दिले आहे.

६. खोदताना आतून गाणे ऐकू आले तर कामगारांनी पळू नये. टोप्या काढाव्यात. मागे पडणाऱ्याला गाठू द्यावे, कडवे संपू द्यावे, आणि मगच पहार लावावी.

सही: तेग्वेन प्रॉबर्ट

आमच्यासमोर, एकाच वेळी हजर असताना सही केली:
साक्षीदार: डॉ. एम्रिस प्रिचर्ड
साक्षीदार: कु. नेस्टा व्हॉन, शिक्षिका

प्लास ब्रिन्दू, १४ मार्च १९५२