दोन पानांचं मरण

गुरुजी,

तुमच्या नाटकातला नायक तुम्ही हृदयविकाराने मारला होता. दोन्ही हातांनी छाती दाबून तो उभ्याउभ्या दोन पानांचं भाषण करायचा आणि मग सतरंजीवर कोसळायचा. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की शाळेच्या पडवीत नारळी पौर्णिमेच्या नाटकाची तालीम सुरू व्हायची, आणि मी वही धरून प्रॉम्प्टिंगला बसायचो. त्या वर्षी माझी आई जाळ्याच्या गुंडाळीला टेकून बसल्या बसल्या झोपत होती. पाय सुजलेले, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. "दुखत न्हाय रे कुठं," ती म्हणे, "पन आडवी झाले का दम कोंडतो."

हे हृदयाचं दुखणं असेल का, असं मी भीत भीत तुम्हाला विचारलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "छातीत कळ येते का तिला? नाही ना? मग तो आळस. सातवीतून शाळा सोडलेला आता मला हृदय शिकवणार." नायकाचं काम करणारा, होडी चालवणारा तांडेल म्हणाला, "मास्तर, याच्या आयशीला भाषन पाठ करायला द्या, कळ आपसूक येल." सगळे हसले. गावात तुमचा शब्द शेवटचा. महिनाभर कोणी तिला अलिबागला नेलं नाही. नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं. "दुखायलाच हवं, हे कोण म्हणालं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव घेतलं नाही. आठ दिवसांत ती गेली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. सगळा गाव रडला, मी रडलो नाही.

यंदा तुमच्या वहीला वाळवी लागली. माझं शुद्धलेखन चोख, म्हणून नाटक मंडळाने ती नव्याने उतरवायला मला दिली. मी ती दोन पानं कापली. आता नायक जाळ्याला टेकून बसतो, पाय सुजलेले, एका श्वासात तीन शब्द. आणि मी एक मास्तर घातला आहे. तो चष्मा कपाळावर चढवतो आणि तुमचंच वाक्य बोलतो. कालच्या तालमीत तो बोलला तशी पायरीवरची एक म्हातारी पुटपुटली, "मेला मास्तर." तिच्या शेजारी बसलेली एक तरुण बाई हळूच म्हणाली, "आमच्या सासूचं पाय पन आसंच सुजलंत." उद्या घरचे त्या सासूला अलिबागला नेणार आहेत. खरं सांगतो, मला म्हातारीचे शब्द जास्त गोड लागले. नाटकाच्या दिवशी ते साऱ्या गावाच्या तोंडून ऐकायचे आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. तुम्ही आळस म्हणालात त्या दिवशी तालमीहून घरी येऊन मी आईच्या डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी चढवली. "छातीत कळ न्हाय ना, मग ऊठ," म्हणालो. ती उठली आणि बाजाराला गेली. नाटकात तेही मी मास्तरच्याच तोंडी घातलं आहे.