खालच्या दोरीखालून

५ नोव्हेंबर

थनोंग जिंकला! पाचव्या फेरीत तर गाढव नुसता नाचत मागे मागे सरकत होता — म्हणजे आख्ख्या बँकॉकला कळावं की गुण आधीच खिशात पडलेत. आमच्या थाई बॉक्सिंगच्या तालमीतल्या टीव्हीसमोर पोरांनी एवढा कल्ला केला की कोंबड्या कुंपणावर जाऊन बसल्या.

टीव्हीवाला ओरडत होता, "हा डावा कोपर! थनोंगनं हा आणला कुठून?"

कुठून म्हणजे? माझ्याकडून! वस्ताद प्रयुन यांची मुलगी दुआन, वय एकोणतीस, काम स्वयंपाक — तिच्याकडून. कोणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. वही तांदळाच्या पिंपामागे.

७ नोव्हेंबर

बाबा बँकॉकहून आले ते छाती काढूनच. चँपियनच्या पट्ट्याची लढत ठरली! चौदा जानेवारी, रविवार, दुपारी, मोठ्या स्टेडियममध्ये. समोर ट्रांगचा काँगलेत — गुडघ्यांचा राक्षस. सिसाकेतमधल्या आमच्या एवढ्याशा तालमीत असा पट्टा आजवर कोणी आणलेला नाही. थनोंग चोवीसचा आहे. या धंद्यात अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस म्हातारा होतो. पुन्हा बोलावणं येईलच असं नाही.

रात्रीच्या जेवणाला त्याला चिकट भात अर्धाच वाढला. म्हणाला, "ताई, अजून दोन महिने आहेत!" म्हटलं, "वजन करायच्या दिवशी रडत येशील तेव्हा मला ताई म्हणू नकोस."

८ नोव्हेंबर

आज पहाटे पाचला सरावाला सुरुवात. बाबा पावणेपाचला मोटारसायकल काढून विहारात जातात, ध्यानाला. सातशिवाय परत येत नाहीत. चितकाका फाटकाशी विडी ओढत बसले. हे बाबांचे जुने साथीदार. जगाच्या हिशेबी थनोंगसमोर लाथा-ठोसे झेलायची पॅड हेच धरतात — गुडघे जाऊन चार वर्षं झाली! कोणी आलं तर त्यांनी खोकायचं, एवढंच काम. पण खोकला बारा महिने असतो, म्हणून आम्ही दोघं सारखे दचकतो.

मी खालच्या दोरीखालून सरपटत आत जाते. वरून कधीच नाही. जत्रांमधे मी स्वतः अडतीस वेळा लढले, तेव्हाही बायकांनी खालूनच जायचं असायचं. आत गेले की आधी रिंगला हात जोडते. मनात म्हणते, माफ कर, काम आहे.

चार वर्षांपूर्वी बाबांचा खांदा निकामी झाला. थनोंग लागोपाठ तीन लढती हरला. बॅग भरून बसला होता, गावी भातकापणीला जातो म्हणाला. त्या सकाळी मी पॅड उचलली. मी डावखुरी. माझ्यासमोर उभं राहायचं म्हणजे त्याला सगळंच उलटं शिकावं लागलं, आणि तेच कामी आलं. तेव्हापासून तेवीस लढती, वीस विजय. ते वीसही माझे आहेत! अर्धे तरी.

१९ नोव्हेंबर

टीव्हीची माणसं आली होती. बाबा नवा सदरा घालून रिंगच्या दोरीला टेकून उभे. "एकतीस वर्षं झाली. चार कोपऱ्यांत मोठ्या भंतेंनी मंत्रून दिलेल्या वस्तू पुरल्यात. या रिंगला बाईचा पाय लागलेला नाही. हे माझ्या पोरांचं बळ!"

मी थंड चहाचा ट्रे घेऊन उभी. थनोंगला ठसका लागला.

मग त्यांनी थनोंगला विचारलं, "हा डावा कोपर कोणी शिकवला?" तो म्हणाला, "चितकाकांनी." चितकाका विडी गिळता गिळता राहिले.

कॅमेरावाला मला म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय." झाले बाजूला.

२० नोव्हेंबर

काल हसले खरी. पण बाबांना कळलं तर?

बाबांनी टीव्हीवाल्यांपासून लपवलं, पण आठ वर्षांपूर्वी एक परदेशी मुलगी फोटोसाठी दोरीवरून टांग टाकून आत शिरली होती. बाबांनी नऊ भिक्खू बोलावले. रिंगचं कापड बदललं. महिनाभर कोणालाही आत पाय ठेवू दिला नाही. त्यात दोन पोरं हरली, त्याचं खापर अजून त्या मुलीवर फोडतात. पट्ट्याच्या आधी असं झालं तर थनोंगची रिंगही गेली आणि हिंमतही गेली. आणि मी? मी तर घरचीच, मला कुठल्या भिक्खूंकडून धुऊन काढणार?

३ डिसेंबर

थनोंगला खोटी लाथ जमली! डावी लाथ दाखवायची, मारायची नाही, पाय पुढे टाकायचा आणि कोपर. आज मलाच फसवलंन! मला!

१९ डिसेंबर

थनोंगची बरगडी दुखावली. सरावात नाही, ओल्या फरशीवर घसरून. दिवसभर माझ्या मनात एकच — माझ्यामुळे? चार वर्षं ज्या जागेला पाय लावू नये तिथे लावते आहे, कधीतरी ती हिशेब मागणारच. चुलीपुढे रडले. मिरचीची फोडणी होती म्हणून निभावलं.

चितकाका म्हणाले, "वीस लढती जिंकला तेव्हा रिंग झोपली होती का गं?" थनोंग म्हणाला, "ताई, फरशी तू पुसली होतीस, एवढीच तुझी चूक." मेला! दोन दिवस विश्रांती, मग पुन्हा पाचला.

२८ डिसेंबर

जेवताना बाबा म्हणाले, "तुझं मनगट सुजलंय."

"मिरच्या कुटल्या."

माझ्याकडे बघत राहिले. मग भाताचा घास वळत म्हणाले, "मग मुसळ जरा हलकं घे." आणि थनोंगकडे वळून, "चितच्या हातात सोनं आहे, पोरा. तो सांगेल ते ऐक."

सोनं म्हणे! चितकाकांनी लाजून पपईची कोशिंबीर दुसऱ्यांदा वाढून घेतली. शाबासकी माझी, ताट त्यांचं.

१३ जानेवारी

बँकॉक. वजन अर्धा पौंड कमीच भरलं. त्याला तांदळाची पेज पाजली. उद्या मी कोपऱ्यात नसेन. रिंगच्या जवळपास बायकांना फिरकू देत नाहीत. वर, स्वस्तातल्या बाकांवर बसेन. तो म्हणाला, "ताई, ओरड, मला ऐकू येईल." येणार नाही. दोघांनाही माहीत आहे.

१४ जानेवारी

नीट लिहिते.

पहिल्या दोन फेऱ्या नेहमीसारख्याच, एकमेकांना चाखून बघायच्या. लढतीबरोबर वाजणारे सनई-ढोल संथ. तिसऱ्या फेरीत काँगलेतनं मान धरली आणि गुडघा, गुडघा, गुडघा. त्याच दुखऱ्या बरगडीत. माझ्या आजूबाजूचे पैजवाले बोटं नाचवत उभे राहिले, सगळ्यांचा कौल काँगलेतकडे. मी घसा फोडून ओरडत होते, "लाथ दाखव! दाखव!" माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

फेरी संपली. चितकाका बर्फ लावत होते. बाबा त्याच्या कानाशी वाकले. एवढंसंच काहीतरी बोलले.

चौथी फेरी. थनोंगनं डावी लाथ उचलली. काँगलेतनं अडवायला पाय वर घेतला. लाथ आलीच नाही! पाय पुढे पडला आणि कोपर थेट भुवईवर. रक्त. पुन्हा तेच, आणि तो पुन्हा फसला! सनई सुसाट सुटली. पाचव्या फेरीत आमचं गाढव नाचत मागे सरकायला लागलं आणि मी बाकावर चढून टाळ्या पिटायला लागले.

शेजारचा पैजवाला म्हणाला, "ताई, कोण लागतो तुझा?"

"त्यांच्या तालमीत स्वयंपाक करते."

"काय खायला घालतेस गं त्याला?"

पट्टा कमरेला बांधला तेव्हा तो वर बाकांकडे बघत होता. लोकांना वाटलं, उजेडाकडे बघतोय.

१५ जानेवारी

परतीच्या बसमध्ये विचारलं, बाबा कानात काय म्हणाले? थनोंगनं मागे वळून बघितलं. बाबा पट्टा मांडीवर घेऊन घोरत होते. मग हळूच म्हणाला, "म्हणाले, सकाळचं काढ."

"एवढंच?"

"एवढंच."

म्हणजे चितकाकांनी शिकवलेलं, असंच ना? असंच असणार.

१६ जानेवारी

आज गुरूंचा दिवस. पोरांनी बाबांना फुलं वाहिली. थनोंगनं पट्टा त्यांच्या पायाशी ठेवला. पंचायतीचे लोक, बँड, सगळा थाट. मी मागे मासे साफ करत होते. गर्दी पांगल्यावर तो आला, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. बँकॉकचा चँपियन! हात खवल्यांनी भरलेले, डोक्यावर ठेवू कसे? कोपरच टेकवला. डावा.

इतका अभिमान एका माणसाला सोसत नाही.

१८ जानेवारी

फुलं घेऊन विहारात गेले, नवस फेडायला. मोठे भंते अंगण झाडत होते. म्हणाले, "पोरगा जिंकला, आनंद झाला. वस्तादांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे की. रोज सकाळी येतात ना इथे."

झाडू थांबला. "सकाळी? सणावाराला येतात, दुआन. सकाळचे मी त्यांना चार वर्षांत पाहिलेले नाही."

१९ जानेवारी

थनोंगला सुट्टी दिली आणि सायकलवरून बाबांच्या मागे गेले. बाबा बस स्टँडवर. सोयादुधाच्या गाडीपुढच्या बाकावर, एकटे, हात काखेत घालून. थंडीनं कान लाल झालेले. मला दिसले नाहीत ते, म्हणजे मी त्यांना दिसले नाही — काय लिहितेय!

ते गेल्यावर गाडीवाल्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, "प्रयुन वस्ताद? चार वर्षं झाली, हाच बाक. घड्याळाकडे बघत बसतात. एकदा धो धो पाऊस होता, म्हटलं घरी जा की. तर म्हणाले, 'पोरगी कामात आहे. मी डोळ्यांनी पाहिलं तर मला थांबवावं लागेल.'"

सायकल हातात धरून चालत आले. रडूही येत होतं आणि रागही. मला वाटत होतं, चार वर्षं मी त्यांना फसवतेय.

२० जानेवारी

पावणेपाच. बाबा मोटारसायकल काढत होते. मी जाकीट नेऊन दिलं. म्हटलं, "घाला. स्टँडवर वारा असतो."

त्यांनी हँडल सोडलं. मग जाकीट घातलं, एकेक बटण लावलं.

म्हणाले, "आता पट्टा राखायचाय. तयारी जास्त लागेल. आजपासून मी आठशिवाय येत नाही."