आखाजीनंतर बघू

९ मार्च १९९७, लिंबायत
माझी बायको निर्मला जाऊन अकरा दिवस. परवा दहावं झालं. पिंड ठेवला, कावळा लगेच शिवला. मोठी वहिनी म्हणाली, "सुटनी बिचारी." दोन वर्षं नि.बरोबर दर रविवारी डिंडोलीला पास्टरांच्या प्रार्थनेला जाणारा मी, कावळ्याकडे डोळे लावून बसलो होतो! शिवल्यावर बरंही वाटलं. लाज वाटते.

११ मार्च
खरं काय ते लिहून टाकतो. दिवाळीनंतर पास्टरांनी तापीवर बाप्तिस्मे ठेवले होते. नि.नं पांढरी साडीसुद्धा आणलेली. "माले आतेच लेनं शे," म्हणाली, लगेच घ्यायचा होता तिला. मी म्हटलं, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, आपल्या मंगलचं लग्न आहे, अमळनेरच्या व्याह्यांच्या कानावर गेलं तर पोरगी घरात बसेल. आखाजीनंतर बघू, दोघं मिळून घेऊ. ती भांडली नाही. भांडली असती तर ऐकलं असतं. बहुतेक नसतंच ऐकलं.
मग तिला कावीळ झाली. आखाजी अजून दोन महिने लांब आहे.

१६ मार्च, रवि.
प्रार्थना संपल्यावर पास्टरांना गाठलं. सरळच विचारलं, बाप्तिस्म्याशिवाय गेली, तिचं तारण झालं का? म्हणाले, "भाऊ, येशूच्या शेजारी वधस्तंभावर होता त्या चोराला कुणी बाप्तिस्मा दिला होता? तारण विश्वासानं होतं."
चोराला वेळ नव्हता. नि.ला तीन महिने होते. तोंडावर बोललो. मग म्हणाले, देव दयाळू आहे. उत्तर सुचलं नाही की देव दयाळू होतो.

१९ मार्च
कारखान्यात मागावर ताण्याचा धागा तुटला, मशीन तसंच चालू. दोन हात कापड खराब. शेठ ओरडला, "ध्यान क्यां छे?" त्याला काय सांगू.

२२ मार्च
शहरातल्या जुन्या चर्चमध्ये गेलो. तिथले फादर म्हातारे, मराठी चांगलं बोलतात. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, शेवटी तिच्याजवळ कोण होतं?
मीच. दवाखान्यात वहिनीनं पेल्यात तुळशीचं पान टाकून दिलं, "भाऊ, पानी सोडा तिना तोंडमा." आपल्यात सोडतात तसं मी सोडलं. नि.नं तोंड फिरवलं, हात कसाबसा उचलून डोक्याला लावला. दुखतंय वाटलं. कपाळ दाबत बसलो. पेला दुसऱ्या हातात.
फादर म्हणाले, जीव जात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. पाणी डोक्यावर ओतायचं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणायचं. "तुम्हीसुद्धा देऊ शकला असता."
माझं तोंड बघून घाईनं म्हणाले, तिची इच्छा होती ना, देव इच्छासुद्धा धरतो. धरत असेल. इच्छा तिची, आडवा आलो मी.
की खरंच डोकं दुखत होतं? आता कुणाला विचारू?

२७ मार्च
व्याह्यांचा माणूस आला. घरात दुःख आहे, यंदा लग्न नको, पुढच्या आखाजीला बघू. ज्याच्यासाठी तिला थांबवलं तेच थांबलं. मला हसूच फुटलं. माणूस चहा न घेता गेला.
मंगलला सगळं सांगून बसलो. ती इतकंच म्हणाली, "म्हंजे मन्हामुये?" नाही गं, माझ्यामुळे. पण तिनं ऐकलं कुठे. जेवली नाही. तोंड शिवून ठेवायला हवं होतं मी.

३० मार्च, रवि., ईस्टर
तापीवर बाप्तिस्म्यांना गेलो. पास्टरांनी माझं नाव आधीच यादीत घातलेलं. पाच जण झाले, मग मला हाक. कमरेइतक्या पाण्यात गेलो.
"भाऊ, विश्वास धरता का?"
"धरतो."
"मग या पुढे."
पाय हलेना. म्हटलं, पास्टर, एवढं एक सांगा. माझं तारण झालं आणि ती तिथे नसली, तर मी तिथे जाऊन करू काय?
काठावरचं गाणं थांबलं. पास्टरांनी हात पुढे धरून ठेवला, बराच वेळ. मी धरला नाही. बाहेरही आलो नाही, थंडी वाजेपर्यंत.
पुढच्या महिन्यात परत आहेत म्हणे बाप्तिस्मे. नाव राहू दे म्हणालो की काढा म्हणालो, तेही आठवत नाही.