डाग म्हणून पुसलेला धूर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, सिमेंट कारखान्याच्या नकाशा विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकतील अशी माणसे माझ्यासमोर फार वेळ बसत नाहीत. अक्षर वळणदार आहे त्याचे श्रेय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या लाकडी पट्टीला. मजकुराचे श्रेय मात्र त्यांना देऊ नये, त्यांना वाईट वाटेल. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे, दोन्ही रागाच्या भरात केलेली, रद्द समजावीत. हे तिसरेही रागातच लिहिले आहे, पण या वेळी राग बराचसा माझ्यावरच आहे.

१. घर. माझे दोन खोल्यांचे घर, सामानासकट, धाकट्या बहिणीला द्यावे. "ताई, एवढ्याशा घराचं मी काय करू?" असे ती म्हणेल, आणि म्हणता म्हणता किल्ली पर्समध्ये टाकेल. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वर उचलून मगच डावीकडे ओढायची असते, हे तिला चाळीस वर्षांत जमलेले नाही. आता मालकीण झाल्यावर जमेल.

२. कॅमेरा, लेन्स, तिपाई आणि उन्हाची टोपी. हे सर्व भाच्याला, एका अटीवर. अट समजण्यासाठी थोडे सांगणे भाग आहे.

कारखान्याच्या समोर, तळ्याच्या पलीकडच्या टेकडीवर एक बसका खडक आहे. एकतीस वर्षे, दरवर्षी पावसाळा सरला की त्याच खडकावर तिपाई रोवून मी कारखान्याचा एक फोटो काढला. कंपनीला वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी तो हवा असे, आणि माझ्याकडे स्वतःचा कॅमेरा असल्यामुळे मी फुकटात पडत असे. चौकटीत डावीकडे खाणीने कुरतडलेला डोंगर, मध्ये लांबलचक भट्टी आणि धुराडे, उजवीकडे साठवणीच्या चार गोल कोठ्या, खाली तळे. कोठ्यांच्या कठड्यावर पाणकावळे पंख पसरून बसत. डोंगराला कारखाना शोभत नव्हता आणि कारखान्याला डोंगर. तरी दोघे एकमेकांना सोडत नव्हते, अगदी माझी बहीण आणि तिचे यजमान यांच्यासारखे. मला ते दोघे एकत्रच आवडत. (डोंगर आणि कारखाना.)

भाच्याने एकदा तो फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. "मावशी, तळं काय सुंदर आलंय! हे धुराडं तेवढं मध्ये येतं. थांब, दोन मिनिटांत काढून टाकतो."

मी म्हटले, "मग तुझ्या लग्नाच्या फोटोतून सासूबाईंनाही काढ. त्याही मध्येच आहेत."

तो हसला, पण धुराडे काढायचे थांबला. म्हणून कॅमेरा त्याला. अट ही, की वर्षातून एकदा त्या खडकावर जावे, भट्टीची सावली तळ्याच्या काठाला टेकेपर्यंत थांबावे आणि जे दिसेल ते सगळे घ्यावे. डोंगरापुरते किंवा कारखान्यापुरते कापलेले फोटो भिंतीवर लावू नयेत. सोबत पाणी न्यावे; तो विसरतो.

३. स्टुडिओवाले. आमच्या गावातले जुने स्टुडिओवाले माझे चाळीस वर्षांचे मित्र आहेत. त्यांना मी या मृत्युपत्राचे साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे. ही सोय मला फार आवडली.

त्यांचा अपराध असा. पहिल्या वर्षीचा फोटो मी त्यांच्याकडे छापायला दिला. गाव डोंगराच्या अलीकडे आणि कारखाना पलीकडे. वाराही पलीकडेच वाहतो. नवीनच आलेल्या या गृहस्थांनी कारखाना कधी पाहिला नव्हता. तीन दिवसांनी मोठ्या अभिमानाने त्यांनी फोटो पुढे केला.

"बाई, निगेटिव्ह ठेवता तरी कुठं? आकाशात केवढा डाग! दोन दिवस भिंग लावून बसलो, बारीक ब्रशनं भरून काढला. आता शोधून दाखवा."

"अहो, तो डाग नव्हता. धूर होता."

"एवढा?" ते म्हणाले. "रोज?"

त्यांनी निगेटिव्हला हात लावलेला नव्हता. छापलेल्या फोटोवर रंग भरून, त्याचाच पुन्हा फोटो काढून प्रती केल्या होत्या. मी निगेटिव्हवरून धुरासकट दुसरी प्रत मागायला हवी होती. अहवालाची तारीख उद्यावर होती, म्हणून तीच नेली. मोठे साहेब फोटोकडे बघतच राहिले. म्हणाले, "वा! असाच दरवर्षी." आणि दरवर्षी तसाच. पहिल्या वेळी स्टुडिओवाल्यांची चूक होती. पुढच्या तीस वेळा मी स्वतः जाऊन सांगितले, "डाग काढा." ते माझ्याकडे न बघता ब्रश धुवायला लागत.

४. चांदीचे ताट. स्वच्छ कारखान्याच्या सुंदर छायाचित्रणाबद्दल कंपनीने मला निवृत्तीच्या वेळी दिले. ते खालच्या वस्तीतल्या दवाखान्याला द्यावे. कापूस, सुया, काय हवे ते ठेवावे. माझे नाव कोरलेली बाजू खाली करावी.

५. खालची वस्ती. ही माझ्या मालकीची नाही, पण कलम हवेच. माझ्या चौकटीच्या उजव्या कडेबाहेर, वारा जिकडे जातो तिकडे ती आहे. तिथे वाळत घातलेला काळा सदरा संध्याकाळपर्यंत करडा होई. कारखाना बंद झाला, खोकला चालू आहे. उपचाराचा खर्च कंपनीने द्यावा म्हणून वस्तीने दावा केला आहे. कंपनीने उत्तरात एकतीस अहवाल सादर केले: पाहा, एकाही वर्षी धूर नाही.

वस्तीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई गेल्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. इथेच बसल्या. म्हणाल्या, "बाई, एक विचारू? फोटोच्या दिवशी भट्टी बंद ठेवायचे का हो?"

होय म्हणणे फार सोपे होते. मी म्हटले, "आठवत नाही." नकाशा विभागात तीस-तीस वर्षांपूर्वीचे माप तोंडपाठ सांगणारी बाई म्हणून माझी ख्याती होती.

त्या गेल्यावर बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, आता कशाला उकरून काढतेस? लोक तुलाच खोटारडी म्हणतील. काय व्हायचं ते तुझ्या मागे होऊ दे." तिच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर तो बिनधुराचा फोटो आहे, हे इथे नमूद करते. तरी सल्ला मला पटला. मनासारखा सल्ला मला नेहमी लगेच पटतो.

६. निगेटिव्ह. हे कलम मी परवा पुढीलप्रमाणे लिहिले होते: "बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातील माझी एकतीस मूळ निगेटिव्ह, प्रत्येकात धूर जसाच्या तसा असलेली, माझ्या मृत्यूनंतर खालच्या वस्तीतल्या नर्सबाईंना द्यावीत." लिहून झाल्यावर मला फार उदात्त वाटले. मी नर्सबाईंना बोलावून ते वाचूनही दाखवले.

त्यांनी कागद हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे धूर आहे. सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"आणि हे आम्हाला मिळणार कधी?"

"मी गेल्यावर."

"सुनावणी सोमवारी आहे, बाई. तुमचा काय विचार आहे?"

त्यांनी पिशवीतून यंत्र काढले, माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काटा बघितला.

"एकशेवीस, ऐंशी," त्या म्हणाल्या. "मग आमचं काही खरं नाही."

एकाहत्तर वर्षांत मला कोणी इतके नीट बोलले नव्हते. सिस्टरांनीसुद्धा नाही.

कलम सहा मी खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. कारण असे, की सदर वस्तू आता माझ्याकडे नाही. आज सकाळी डबा घेऊन मी वस्तीत गेले. स्टुडिओवाले सोबत होते. डबा त्यांनी उचलू का विचारले, मी दिला नाही. दवाखान्याच्या खिडकीशी नर्सबाईंनी एकेक निगेटिव्ह उजेडात धरले. तपासून घ्यायला आलेली माणसे मागे गोळा झाली. एक म्हातारे गृहस्थ खोकत खोकत म्हणाले, "बघा, उलटं दिसतंय तरी ओळखू येतो." मला कोणी खोटारडी म्हणेल म्हणून मी तयार होऊन गेले होते, उत्तरही पाठ केले होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. ते जास्त अवघड गेले.

निगेटिव्ह मी काढली आणि धूर मी पुसायला लावला, हे सोमवारी सुनावणीत मी स्वतः सांगणार आहे. डाग कसा भरतात ते स्टुडिओवाले सांगतील. ब्रश घेऊन येतो म्हणाले.

७. शोकसभा घेऊ नये. बहिणीने घेतलीच, तर "स्वभावाने मृदू" असे शब्द कोणी वापरू नयेत. चित्रातून आधीच पुष्कळ पुसून झाले आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि दोन ठिकाणी हसूही आले.

सही: (मृत्युपत्र करणारी)

आमच्यासमोर सही केली, आणि सही करताना आम्हाला "नीट उभे राहा" असे सांगितले:

साक्षीदार १: स्टुडिओवाले

साक्षीदार २: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना यातले काहीही माहीत नाही आणि ज्यांनी विचारलेही नाही

स्थळ: माझे जेवणाचे टेबल

दिनांक: आज शनिवार. सुनावणी सोमवारी सकाळी अकरा वाजता आहे, तेव्हा हे मृत्युपत्र मंगळवारच्या आत अमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.