टाकीची शिडी

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षे होत आली, तरी तुमच्याकडे लेखापरीक्षणाची उमेदवारी करताना खाल्लेली पहिली बोलणी मला शब्दशः आठवतात. एका साखर कारखान्यात मळीच्या टाकीचे माप मी रजिस्टरवरून उतरवून आणले होते. कागदाकडे न पाहताच तुम्ही विचारलेत, "वर चढला होतास?" मी रजिस्टराकडे बोट दाखवले. "मग हे माप तुला टाकीनं सांगितलं की कारकुनानं?" आणि साठीतले तुम्ही, इस्त्रीचा सदरा सांभाळत, स्वतः शिडी चढू लागलात, मी खालून पाहत राहिलो. उतरल्यावर मळीने काळ्या झालेल्या बोटांनी तुम्ही आपली पोलादी टेप माझ्या खिशात घातलीत. "राहू दे तुझ्याकडे. लाज वाटेल तेव्हा वापर."

ती टेप माझ्या खणात आहे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत तेलाच्या टाक्यांच्या पाहणीवर दर तिमाहीला मी सही करतो : 'प्रत्यक्ष पाहिले.' पाहतो ते रजिस्टर, तेही खुर्चीत बसून. एका टाकीचा मापकाटा कधीचा अडकलेला होता. दर वेळी तोच आकडा, आणि मला शंका आली नाही. गेल्या महिन्यात भरताना ती टाकी ओसंडली. तेल ओढ्याने खालच्या विहिरींत उतरले. परवा तिथे गेलो, तेव्हा एका शेतकरी बाईंनी बादली पुढे केली. "वास घ्या, सायेब. म्हशीनं तोंड लावलं न्हाई. तुमी शिकलेली मानसं, तुमीच प्या."

संचालकांना या अपघाताच्या निवेदनात 'किरकोळ गळती' एवढेच शब्द हवे आहेत. कंपनीत पैसे गुंतवलेल्या एका मोठ्या संस्थेच्या प्रतिनिधींनी मात्र नवी रक्कम थांबवून एवढेच विचारले, "टाकीवर शेवटचं कोण चढलं होतं? लेखी कळवा." तुमचाच प्रश्न, सर. आज सकाळी मी लेखी कळवले : कोणीही नाही, सही माझी आहे. संचालक म्हणाले, "निवृत्तीला चार वर्षं उरलीत. कशाला हुतात्मा होताय?" फार थकलो आहे.

नंतर टेप घेऊन शेजारच्या टाकीपाशी गेलो. सातव्या पायरीपर्यंत चढलो आणि तिथूनच उतरलो. हे पत्र कुठल्या पत्त्यावर धाडणार? पण एक सांगायचे राहिले आहे. त्या दिवशी कारखान्यातही मी आळसाने खाली राहिलो नव्हतो. मला उंचीची भीती वाटते. हे मी कधी कोणाला सांगितले असते, तर माझ्याऐवजी वर दुसरे कोणी चढले असते.