मंथरेचा हॉर्न

शिरवळ, १३ एप्रिल

प्रिय लालासाहेब,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. मंथरेला तू जो हॉर्न बसवलास, तो हॉर्न या संज्ञेला पात्र नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या संकोची पाहुण्याने हळूच घसा खाकरावा, इतपतच त्याचा आवाज. सात टनांच्या ट्रकचं धूड, आणि त्याच्या तोंडी ही नम्रता! चोवीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाने असं करावं याचं मला दुःख झालं. दहिवडीत तो काढून मी दुसरा बसवला. तोही मिळमिळीत निघाला. काल इथे तिसरा बसवून घेतला. बसवणाऱ्याने तो वाजवताना स्वतःचे दोन्ही कान दाबून धरले, पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि रस्त्यापलीकडून एक गृहस्थ भांडायला आले. मला तो बरा वाटला. हॉर्न या वस्तूचा दर्जाच देशभर घसरला आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

पत्र पाहून तू चक्रावला असशील. हल्ली पत्र फक्त बँक पाठवते. पण कडेगावच्या त्या दुपारनंतर तू माझ्याशी बोलत नाहीस. म्हणजे बोलतोस, पण व्हॉट्सॲपवर, आवाज भरून. तसे चार निरोप आले. मी एकाचंही उत्तर दिलं नाही, त्याचं कारण पुढे येईल. आधी प्रवासाचं वाच, कारण आनंद पोटात मावत नाही आणि सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही. आमच्या सौभाग्यवतींना मेसेजवर सांगायला गेलो, तर त्या लिहितात, ट्रक कुठवर आला ते नको, तुम्ही परत कधी येणार ते सांगा.

आठवतं, लष्कराने निवृत्त केलेला हा चौतीस वर्षांचा ट्रक आपण दोघांनी लिलावात घेतला, तेव्हा तू बॉनेटवर थाप मारून म्हणाला होतास, "मास्तर, ही गाडी आपल्यापरीस धडधाकट हाय." तिच्या पाठीवर राहायची खोली चढवली, वेग पन्नासाच्या पुढे जाईना, म्हणून मी तिचं नाव मंथरा ठेवलं. चालीने मंद आणि पाठीला कुबड. तू नाक मुरडलंस, पण दुसऱ्या दिवशी पाटी तूच रंगवून आणलीस. पाच मेला निघायचं, हिमाचलात स्पितीपर्यंत जायचं, मी चालवायचं आणि तू डाव्या सीटवर बसून मला नावं ठेवायची, असं आपलं ठरलं होतं. आता ते डावं सीट रिकामं आहे. त्यावर मी शब्दकोश आणि दीपमालावहिनींनी दिलेली चटणीची बरणी ठेवतो. आपलं एवढं वाजल्यावरही त्यांनी ती दिली, आणि आठवणीने लसूण न घालता दिली. तुझ्या घरातलं शहाणपण कुणाकडे आहे ते यावरून सिद्ध होतं.

त्या दुपारचं पुन्हा उगाळत नाही, एवढंच लिहितो. मी मंथरा तुझ्या शेडमध्ये मागे घेत होतो. तू मागे उभा राहून दिशा देत होतास. तू थांब म्हणालास, मी थांबलो नाही, तुझी मोटारसायकल आडवी झाली आणि मंथरा तुझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तुझ्या पाठीशी शेडची भिंत होती. तू पुढे येऊन ओरडलास, "दहा येळा थांब म्हनलो रं गड्या! जन्मभर पोरांस्नी शिकिवलंस, कवा कुनाचं ऐकलंस का?" मी म्हणालो, मला आरशात सगळं दिसत होतं. त्यावर तू ग्रीसचा डबा खाली ठेवलास आणि घरात निघून गेलास. तीन चाकांचं ग्रीसिंग तू केलं होतंस. चौथं, पुढचं डावं, मी एकट्याने केलं.

तर चौथ्या दिवशी मी मंथरेची उरलेली कामं करून घ्यायला एकटाच शिरवळच्या गॅरेजकडे निघालो. लाला, काय सांगू तुला! रोज सकाळी तू शिकवलेली फर्स्ट परेड करतो: तेल, पाणी, पट्टे, टायर, सगळं तुझ्याच क्रमाने, आणि शेवटी स्वतःलाच सलाम ठोकतो. दर तासाला हॉल्ट परेड. खाली उतरायचं, चारी चाकांच्या हबवर तळहात ठेवून फिरायचं, डॉक्टर पोराच्या कपाळाला हात लावतो तसं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हे माझं व्रत मंथरेलाही लागलं आहे. साडेपाचला ती कुठल्यातरी उसाच्या कडेला उभी राहते आणि मी मागची फळी उघडून खिचडी टाकतो. छतावरच्या टाकीचं पाणी दिवसभर उन्हात तापलेलं असतं, त्या पाण्याने आंघोळ. पंचावन्नाव्या वर्षी मनुष्याला एवढं सुख मिळावं यात काहीतरी चूक आहे.

आणि तो नमदा! इंजिनाच्या झाकणाखाली आपण जो लोकरीचा जाड नमदा आणि रबर चिकटवलं, त्याने चमत्कार केला. पूर्वी तिच्यात बसणं म्हणजे गिरणीत बसणं होतं. आता नुसती हलकी गुणगुण. दहिवडी सोडून मोगराळ्याचा घाट उतरताना तर इतकी शांतता, की मी मोठमोठ्याने संस्कृत शब्दांची रूपं चालवत उतरलो. तुझ्या हातकामाची स्तुती मी तोंडावर कधी करणार नाही, म्हणून इथे करून घेतो.

घाटाखाली अंबूबाई नावाच्या बाईंचं चहाचं खोपट आहे. मी गाडी लावली तर त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, डोळे विस्फारून म्हणाल्या, "आवं, तुमची गाडी लांबनं रडत येतीया! वरच्या वळनापासनं आयकतीया मी." मला वाटलं, बाईंना काव्याची आवड आहे. चहा सांगितला आणि हॉल्ट परेडला लागलो. उजवं पुढचं कोमट. मागची दोन्ही कोमट. डाव्या पुढच्यावर तळहात ठेवला आणि तसाच उचलला. चहाच्या किटलीचा लागावा तसा चटका.

अंबूबाईंनी फोन करून फलटणहून बिरदेव नावाच्या मिस्त्रीला बोलावलं. चाळिशीचा, शांत गडी. बोलताना समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलतो, म्हणून मला फार आवडला. त्याने हब उघडला. ग्रीस काळं पडलेलं, बेरिंग निळं झालेलं. "नट लय आवळलाय," तो म्हणाला. "कुनी बशिवलं ह्ये?" मी म्हणालो, एका संस्कृत शिक्षकाने. तो हसला नाही. मग म्हणाला, "मास्तर, ह्ये निदान तीस किलोमीटर वरडत आलंय. खालच्या वाडीतल्या मान्सालाबी ऐकू गेलं आसंल. तुमी तर वर बसला हुता की. तुमाला न्हाई आलं?" मी नमद्याची माहिती दिली. त्याने नमदा उचकटून पाहिला, पुन्हा लावला, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

चाक उचलून, फिरवत फिरवत नट आवळायचा, घरघर सुरू झाली की पाव फेरा मागे सोडायचा, हे तूच मला शिकवलं होतंस. मी तसंच केलं होतं, लाला. फिरवत आवळत गेलो, आणि घरघरीची वाट बघत राहिलो.

नवं बेरिंग बसलं, आणि इथे शिरवळमध्ये तर मंथरेचा कायाकल्प झाला. पॉवर स्टिअरिंग बसलं! आता सात टन एका बोटाने वळतात. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं, म्हणजे खड्ड्यात ती आता आदळत नाही, नुसती मान हलवते. गॅरेजच्या आवारात मी काल तिला इंग्रजी आठ काढून फिरवली, कामगार टाळ्या वाजवत होते. गाडी तयार आहे. इतकी तयार ती फौजेतसुद्धा नसेल. पाच मेला बावीस दिवस राहिले.

आता तयार नसलेल्या भागाकडे येतो. तुझा हॉर्न चांगला होता. काढलेला आहे, सीटखाली फडक्यात बांधून ठेवला आहे. गेल्या वर्षी सांगलीत कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. उजवा कान जवळजवळ गेला आहे, डावा निम्मा. घरी सांगितलेलं नाही; सौभाग्यवतींची समजूत अशी, की अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने न ऐकणं हे नैसर्गिकच. शाळाही मी प्रवासासाठी सोडली नाही. मागच्या बाकावरचा मुलगा रूप चुकला, मी त्याला शाब्बास म्हणालो, आणि सगळा वर्ग हसताना मला दिसला. त्या आठवड्यात अर्ज दिला. तुझे चार निरोप मी चाळीस वेळा कानाला लावले. आवाज तुझा आहे एवढं कळतं, शब्द सुटे होत नाहीत. दुसऱ्या कुणाला ऐकायला द्यावेत, तर तुझ्या शिव्या मी जाणतो. जे काही असेल ते लिहून कळव, शिव्या असतील तरी. कानात घालायचं यंत्र वर्षभर डबीत पडून आहे. उद्याच्या फर्स्ट परेडला ते घालतो. त्यानेही पुरतं भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून विचारतो, डाव्या सीटवर येशील का? येणार नसशील, तर मी मंथरा किल्लीसकट तुझ्या दारात आणून सोडतो. शेडमध्ये आत तूच घे. आरशात दिसत होतं म्हणालो ते खोटं होतं. आरशात तू नव्हतासच. तू दहा वेळा ओरडलास, आणि माझ्यापर्यंत एकदाही पोचलं नाही. मधे वीतभर जागा होती, ती माझ्यामुळे उरली नव्हती, नशिबाने उरली होती. मी पुन्हा कधीतरी गाडी मागे घेईन, मागे कुणीतरी उभं असेल, आणि मला कळणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझाच,
धरणेंद्र